फाउल बॉल झेलल्यावर रन कसा? बेसबॉल जाणणाऱ्यांनी सांगा

येळ्ळूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मागच्या रविवारी बेळगावजवळच्या एका मैदानावर शाळकरी मुलींचा बेसबॉलचा सामना होता. माझी भाची तिसऱ्या बेसवर खेळते. शेवटचा डाव, ४-४ अशी बरोबरी, समोरच्यांची बॅटिंग, एक आउट आणि त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. बॅटरनं बॉल उंच उडवला. तो तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर, आम्ही पालक उभे होतो त्या दोरीच्या दिशेनं यायला लागला. भाची मान वर करून पळत आली, दोरीला टेकून हात लांब केला आणि बॉल ग्लोव्हमध्ये घेतला. तोल गेला, दोरीवरून आमच्या पायाशी येऊन पडली, पण बॉल सोडला नाही. पडल्या पडल्या ग्लोव्ह वर करून दाखवला.

आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर तिसऱ्या बेसवरची मुलगी पळत होमला, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागी, पोचली आणि पंचांनी रन दिला. ५-४. सामना संपला.

"फाउलवर रन कसा?" म्हणून आम्ही सगळे पुढं गेलो. पंचांनी शांतपणे कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि पुढच्या सामन्याला निघून गेले. गडबडीत कुणाला काही कळलं नाही. घरी येताना भाची स्कूटरवर मागं बसून एवढंच म्हणत होती, "मामा, मी कॅच धरलो होतो की."

मी चाळीस वर्षं क्रिकेट खेळलोय, बघितलंय. या खेळातलं मला काही सांगता येईना, त्याचंच फार लागलं. म्हणून विचारतो:

त्याच सामन्यात एक बॉल रेषेच्या आत पडून बाहेर गेला, त्याला फाउल दिलं. दुसराही आत पडून बाहेर गेला, त्याला फेअर दिलं. हे कसं? आणि आमच्या एका मुलीनं झेल घेऊन थ्रो करताना बॉल हातातून सुटला, तरी आउट दिलं. तेही सांगा. रविवारपासून पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय.

---

खानापूरवाला

फाउल म्हणजे बॉल डेड. रन मिळायलाच नको. पंचांचं चुकलं, लेखी तक्रार करा.

---

मैदानावरचा मास्तर

खानापूरवाला, थांबा. येळ्ळूरकर, पंचांचा निर्णय बरोबर होता. ऐकून वाईट वाटेल, म्हणून तेवढं आधी सांगून टाकतो.

मी चिकोडी भागात शाळेत खेळ शिकवतो. मुलं पहिल्या दिवशी इथंच अडखळतात, कारण 'फाउल' हा शब्द आपल्या कानावर कबड्डी-फुटबॉलमधून पडलेला असतो. तिथं फाउल म्हणजे चूक, शिट्टी वाजली, खेळ थांबला. बेसबॉलमध्ये फाउल हे जागेचं नाव आहे. होमपासून निघून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून थेट कुंपणापर्यंत दोन रेषा जातात. मधली जागा फेअर, बाहेरची फाउल. खुद्द रेषा फेअरमध्ये धरतात. पहिला आणि तिसरा बेसही फेअरमध्येच.

बाहेर उडालेला बॉल कुणी झेलला नाही आणि जमिनीला लागला, तर तो मेला. रनर आपापल्या बेसवर परत. पण हवेत आहे तोवर बॉल जिवंत असतो. झेलला तर बॅटर आउट, आणि इथून पुढं झेल आतला की बाहेरचा यानं रनरला काहीच फरक पडत नाही. त्यानं आपल्या बेसला पाय लावून थांबायचं आणि झेल झाला की हिमतीवर पुढचा बेस गाठायचा. याला टॅग अप म्हणतात. समोरच्या मुलीनं तेच केलं.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. रनरला सुटायची परवानगी बॉल क्षेत्ररक्षकाला पहिल्यांदा लागतो त्या क्षणी मिळते, झेल पक्का झाल्यावर नव्हे. का? झेल पक्का होईपर्यंत थांबायचं असतं, तर एखादा हुशार खेळाडू बॉल ग्लोव्हवर मुद्दाम उडवत उडवत आत पळत आला असता आणि बिचारा रनर बेसला चिकटून उभा राहिला असता. नियम करणाऱ्यांनी ती वाट बंद करून ठेवली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बॉल पहिल्यांदा कुठं पडला तेवढ्यावर जाऊ नका. बेसच्या अलीकडं पडला की पलीकडं, ते बघा. मी मुलांना समजावताना तिसऱ्या बेसवर घमेलं पालथं घालतो. घमेल्याच्या अलीकडं आत पडून बॉल रेषेबाहेर जाऊन थांबला किंवा बाहेर कुणी हात लावला, तर फाउल. बाहेर पडून फिरकी घेत आत येऊन थांबला, तर फेअर. म्हणजे अलीकडच्या पट्ट्यात तो शेवटी कुठं विसावतो याला महत्त्व. टप्पे खात घमेल्याजवळून जाणारा बॉल असेल, तर बेस ओलांडताना तो आत होता की बाहेर एवढंच बघायचं. ओलांडताना आत असेल तर नंतर गटारीत गेला तरी फेअर. आणि पहिला टप्पाच घमेल्याच्या पलीकडं आत पडला, तर नंतर कुठंही जाऊ दे, फेअरच. बेसला लागला तरी फेअर. तुमचा पहिला बॉल अलीकडचा असणार, दुसरा पलीकडचा.

तिसरा प्रश्न नंतर लिहितो, शाळेची घंटा झाली.

---

टिळकवाडी

मास्तरांनी छान उलगडून सांगितलं. मी लेले मैदानावर क्रिकेट खेळून मोठा झालो, म्हणून माझी शंका पायांची. भाचीचे पाय रेषेबाहेर होते. समजा ती बाहेर उभी आहे, पण हात आत नेऊन बॉलला लावला आणि बॉल सुटला, तर?

---

मैदानावरचा मास्तर

तर फेअर. पाय कुठंही असोत, बॉलला हात लागला त्या क्षणी बॉल रेषेच्या आतल्या हवेत होता की बाहेरच्या, पंच तेवढंच बघतो. उलटंही तसंच: पाय आत, बॉल बाहेर, हाताला लागून पडला, तर फाउल. म्हणून पंच रेषेवर पाय फाकून उभा राहतो. त्याला खेळाडू बघायचा नसतो, बॉल आणि रेषा बघायची असते.

क्रिकेटवाल्यांची नजर इथंच फसते, कारण आपली सगळी शिकवण पायांची. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाची फायनल चालू होती. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं मिलरचा झेल घेतला, बॉल आत उडवून ठेवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत येऊन पकडला. सगळा देश त्याच्या बुटांकडं बघत होता. दोरीला बूट लागला असता तर सहा धावा.

बेसबॉलमध्ये खेळाडू कुंपणाला टेकून, वर चढून, हात पलीकडं नेऊन झेल घेऊ शकतो. होमरन होऊन, म्हणजे थेट कुंपणापलीकडं, जाणारा बॉल असा ओढून आणणं हा तर तिथला सगळ्यात देखणा झेल. फक्त झेल घेताना पाय मैदानाबाहेरच्या जमिनीवर टेकलेला नको.

---

येळ्ळूरकर

मास्तर, आता एक सांगा. झेल घेतला तेव्हा तिचे दोन्ही पाय दोरीच्या आत होते, हे मी दोन हातांवरून बघितलंय. पडली ती नंतर, दोरीच्या बाहेर. याचा काही फरक पडतो का?

---

मैदानावरचा मास्तर

पडतो, आणि ते दोरीचं मी पहिल्या वेळी वाचून पुढं गेलो होतो. झेल कायदेशीर, बॅटर आउट. पण झेल घेतल्यावर क्षेत्ररक्षक खेळाच्या हद्दीबाहेर गेला किंवा पडला, तर बॉल डेड होतो आणि प्रत्येक रनरला एक बेस बक्षीस मिळतो. तिसऱ्या बेसवरच्या मुलीला एक बेस म्हणजे होम. ती पळाली नसती, चालत गेली असती, तरी रन होता. पंचांनी कन्नडमध्ये सांगितलेली दोन वाक्यं हीच असावीत.

तुमच्याकडं एकच दार उघडं होतं. त्या मुलीनं बॉल भाचीच्या ग्लोव्हला लागायच्या आधी बेस सोडला असता, तर अपील करता आलं असतं. पण अपील तुम्हाला करावं लागतं, तेही मुलींनी मैदान सोडायच्या आधी. पंच आपणहून बोलत नाही. क्रिकेटमध्ये "हाउज दॅट" विचारल्याशिवाय पंच आउट देत नाही ना, तसंच.

---

खानापूरवाला

माझं चुकलं. येळ्ळूरकर, तक्रार लिहिली असाल तर देऊ नका.

---

पहाटे जागणारा

मी शहापूरचा, आता नोकरीनिमित्त पुण्यात. अमेरिकेतले सामने आपल्याकडं पहाटे दिसतात, त्यातूनच मला हा नाद लागला. धागा वाचून राहवेना.

येळ्ळूरकर, प्रेक्षकांशेजारचा फाउल झेल तिथंही रडवून गेलाय. १४ ऑक्टोबर २००३, शिकागोचं रिगली फील्ड. शिकागो कब्ज ३-० नं पुढं, आठवा डाव, वर्ल्ड सीरिज, म्हणजे तिथली अंतिम मालिका, पाच आउटवर आलेली. डाव्या रेषेबाहेर एक उंच बॉल उडाला. मोइसेस अलू भिंतीशी उडी मारून हात वर नेतो तोच प्रेक्षकांचे हात बॉलला लागले आणि झेल गेला. पंचांनी अडथळा दिला नाही. कारण बॉल भिंतीच्या पलीकडं, प्रेक्षकांच्या बाजूच्या हवेत होता. तिथं हात घालणारा खेळाडू आपल्या जबाबदारीवर घालतो, प्रेक्षकाला तिथं हक्क आहे. प्रेक्षकानं मैदानाच्या बाजूला हात काढला असता आणि झेल अडवला असता, तर बॅटर आउट दिला असता. त्या डावात समोरच्या फ्लोरिडानं आठ रन केले, ८-३ नं जिंकले. दुसऱ्या दिवशी कब्जची वर्ल्ड सीरिजआधीची ही मालिकाही गेली.

त्या प्रेक्षकाला पुढं जे सोसावं लागलं त्यानं माझा जीव अजून कळवळतो. झेल गेल्यानंतर एक सोपा जमिनीलगतचा बॉल कब्जच्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) हातून सुटला होता, त्याबद्दल कुणी बोलत नाही. येळ्ळूरकर, तुमच्या सामन्यात दोरीशी उभे असलेले पालक बॉल येताना मागं सरले होते ना? पुढच्या वेळी सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

---

टिळकवाडी

झेल आणि थ्रोचा प्रश्न राहिला. मला लगेच दक्षिण आफ्रिकेचा हर्शेल गिब्ज आठवला. १३ जून १९९९, हेडिंग्ली. स्टीव्ह वॉचा सोपा झेल हातात आला, आनंदानं वर फेकायला गेला आणि बॉल सुटला. वॉनं नाबाद १२० केले. बेसबॉलमध्ये तो आउट असता का?

---

मैदानावरचा मास्तर

उत्तम प्रश्न. बेसबॉलचा नियम दोन गोष्टी मागतो. बॉल हातात किंवा ग्लोव्हमध्ये पक्का बसलेला हवा, आणि तो सुटला तर खेळाडूनं स्वतःच्या मनानं सोडलेला हवा. झेल घेतल्याबरोबर धडकला, भिंतीवर आपटला किंवा पडला आणि त्या धक्क्यानं बॉल सुटला, तर झेल नाही. म्हणून भाचीनं पडल्यावर ग्लोव्ह वर करून दाखवला ते सोन्यासारखं काम केलं. पंचाला तेच बघायचं असतं.

पण झेल पूर्ण झाला, मग थ्रो करायला बॉल ग्लोव्हमधून दुसऱ्या हातात घेताना सुटला, तर तो झेल धरला जातो. तुमच्या दुसऱ्या मुलीचं हेच झालं. अवघड भाग एवढाच की झेल कधी पूर्ण झाला हे पंच डोळ्यांनी ठरवतो. गिब्जच्या हातात बॉल बसण्याआधीच फेकायची घाई झाली होती. मी पंच असतो तर मीही आउट दिला नसता.

आणि झेल हातात किंवा ग्लोव्हमध्येच. टोपी काढून टोपीत बॉल घेतला, शर्टाच्या ओच्यात घेतला, तर झेल नाही. लहान मुलं हे करून बघतात, म्हणून सांगितलं.

---

पहाटे जागणारा

मास्तर, इतिहासातलं एक सांगू द्या. आपण गल्लीत "एक टप्पा आउट" खेळायचो. कपिलेश्वर मंदिराकडच्या बोळात तर टप्पा एका हातानं झेलायचा नियम होता, खिडक्या वाचाव्यात म्हणून. बेसबॉल जन्माला आला तेव्हा तिथंही एक टप्पा आउट होतं! ग्लोव्ह नव्हते, उघड्या हातानं बॉल घ्यायचा म्हणजे बोटं मोडायची. १८६५ च्या हंगामापासून आत पडणाऱ्या बॉलला हा नियम काढला, झेल हवेतच घ्यायचा असं ठरलं. फाउल बॉलला मात्र एक टप्पा आउट त्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिलं.

तशीच स्ट्राइकची गोष्ट. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. आज दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात, नंतरचे मोजत नाहीत. पूर्वी कुठलाच फाउल मोजत नसत. चिवट बॅटर चांगले बॉल फाउल करत राहायचे आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमून जायचा. तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी नॅशनल लीगनं १९०१ मध्ये फाउलला स्ट्राइक केलं, अमेरिकन लीगनं १९०३ मध्ये. तरी दोन स्ट्राइकनंतरची मोकळीक राहिलीच. २२ एप्रिल २०१८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन बेल्टनं एकाच खेपेत २१ पिच, म्हणजे पिचरनं टाकलेले बॉल, खेळले, त्यातले १६ फाउल. शेवटी झेल देऊन गेला. मी तो सामना बघताना चहा ओट्यावर गार झाला होता.

---

मैदानावरचा मास्तर

त्यात एक अपवाद मुलींना नक्की सांगा. दोन स्ट्राइकनंतर बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल टेकवला, आणि तो फाउल गेला, तर आउट. नाहीतर प्रत्येक जण बंट करत संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता.

बॅटची निसटती कड लागून बॉल थेट कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागं बसणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये बसला, तर त्याला फाउल टिप म्हणतात. नावात फाउल असलं तरी तो सरळ स्ट्राइक, बॉल जिवंत, रनर पळून पुढचा बेस चोरू शकतो. दोन स्ट्राइक असतील तर बॅटर गेला.

---

निपाणीची आई

माझी मुलगीही खेळते म्हणून सगळं वाचत होते. नियम कळले. पण मग मला सांगा, त्या मुलीनं झेल घ्यायला हवा होता का? सोडला असता तर नुसता स्ट्राइक मिळाला असता आणि सामना चालू राहिला असता. हे तिला कुणी सांगायचं?

---

पहाटे जागणारा

ताई, हे मोठ्यांच्या सामन्यातही घडतं. जिंकणारा रन तिसऱ्या बेसवर, दोनपेक्षा कमी आउट आणि लांबचा फाउल. अशा वेळी जाणता खेळाडू मुद्दाम हात खाली घेतो, बॉल पडू देतो. नियमानं बघितलं तर तेच बरोबर होतं.

---

टिळकवाडी

नाही पटत. शाळेतल्या मुलीला झेल सोड म्हणून शिकवायचं? वर बघत पळताना तिनं आउट किती, रन किती, दोरी किती लांब, सगळं मोजायचं? असला झेल मी आयुष्यात घेतला नाही.

---

मैदानावरचा मास्तर

दोघांचंही ऐकलं. माझं म्हणणं असं. ते मोजायचं काम तिचं नव्हे, बाकीच्यांचं. बॉल पिच व्हायच्या आधी कोचनं ओरडून सांगायचं: एक आउट, रनर तिसऱ्यावर, लांबचा फाउल सोडा. बॉल उडाल्यावर कॅचरनं आणि शॉर्टस्टॉपनं ओरडायचं, कारण त्यांना सगळं मैदान समोर दिसतं. कुणीच ओरडलं नाही, तर बॉलमागं पळणारी मुलगी झेल घेणारच, आणि तिनं घ्यावाच. मी माझ्या मुलींना गेली काही वर्षं हे करायला लावतो. प्रत्येक पिचआधी सगळ्या मिळून आउट किती ते बोटांवर दाखवतात. पहिले दोन महिने विसरतात, मग अंगवळणी पडतं.

---

येळ्ळूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवल्यावर भाचीला मोबाईलवर हा धागा वाचून दाखवला. घमेल्याचं तिला लगेच कळलं. दोरीचा नियम ऐकून गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे कॅच होता. त्यांनी आउट दिलंय." तिला तेवढंच हवं होतं. नंतर वहीत लिहून घेतलं: दोन हात दोरीच्या अलीकडं थांबायचं. झेलच्या वेळी ओरडायचं कुणी, हे ती आज शाळेत कॅचरशी ठरवणार आहे.

तिनं मास्तरांना एक विचारायला सांगितलंय: मैदानाच्या टोकाला उभ्या असतात त्या फाउल पोलना बॉल लागला तर काय?

---

मैदानावरचा मास्तर

हवेतून थेट पोलला लागला तर फेअर, आणि होमरन. नाव फाउल पोल असलं तरी पोल फेअरमध्ये धरतात, रेषेसारखाच.

---

पहाटे जागणारा

भाचीला बोस्टनच्या कार्लटन फिस्कच्या होमरनचा तो व्हिडिओ दाखवा. २१ ऑक्टोबर १९७५ चा सामना, बोस्टन, वर्ल्ड सीरिजचा सहावा. बारावा डाव, मध्यरात्र उलटलेली. बॉल डाव्या रेषेवरून वर गेला आणि फिस्क पहिल्या बेसकडं उड्या मारत दोन्ही हातांनी हवेत ढकलतोय, आत ये, आत ये म्हणून. पोलला लागला. त्या पोलला आता त्याचंच नाव आहे.

---

येळ्ळूरकर

आमच्या गावच्या मैदानात पोल नाहीत, रेषाही दुसऱ्या डावापर्यंत तांबड्या मातीत पुसून जातात. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचं गाव. तिथं दोन वेळूच्या काठ्या मिळायला अडचण नको. मळ्याच्या बांधावरचे दोन सरळ वेळू बघून ठेवलेत. वर भगवा नको, हिरवा नको, पिवळा रंग मारतो, बॉल लागलेला दिसायला. येत्या रविवारी सकाळी सातला रोवणार आहे. फक्कीची दोन पोती आणलीत. टिळकवाडी, तुमच्याकडं लांब मोजपट्टी असेल तर घेऊन या. होमपासून बेसपर्यंतचं अंतर या वेळी पावलांनी मोजायचं नाही.

---

टिळकवाडी

आहे, तीस मीटरची. येतो.